दोरीचं दुसरं टोक

डोळे गेल्यापासून माझ्याशी सगळे गोड बोलायला लागले, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. डोळे बिचारे हळूहळू गेले, सवय करून घ्यायला वेळ देऊन गेले. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि शेवटी नवऱ्याच्या तोंडाच्या जागी नुसता उजेड उरला. त्याबद्दल माझं रडून झालंय. पण लग्न झाल्यापासून माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा नवरा अचानक "तू म्हणशील तसं" म्हणायला लागला, तो संताप अजून गेलेला नाही. दुकानदार माझ्याशी सावकाश बोलतात, जणू कानही गेलेत. मी एका हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते, दिवसभर आलेले फोन इकडून तिकडे जोडून देते. फोनवरची माणसं माझ्यावर मनसोक्त खेकसतात, कारण त्यांना काही माहीत नसतं. ती नोकरी मला फार आवडते.

घरात एकच माणूस बदललं नाही. माझी धाकटी जाऊ.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, ती आणि माझे दीर खालच्या. धाकटीचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गावातल्या अर्ध्या लोकांना तिनं गाडी शिकवली, आणि उरलेले अर्धे ते शिकवणं बघून सायकलवरच राहिले. सकाळपासून शिकाऊ माणसाच्या डावीकडच्या सीटवर बसायचं, पाय आपल्या जादा ब्रेकवर ठेवायचा आणि ओरडायचं, हा तिचा धंदा. घरी आल्यावर ते ओरडणं बंद कसं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "वहिनी, कप अगदी काठावर ठेवलाय! पाडाल आणि काचा मला वेचायला लावाल!" दुसऱ्या कुणी तो कप गुपचूप आत सरकवला असता. ती सरकवायची नाही. मी हात लांबवून, चाचपून, कप शोधून आत ठेवेपर्यंत ती तिथेच उभी राहून बोलत राहायची.

आमचं गूळपीठ होतं अशातला भाग नाही. ती मला हेकट म्हणायची, मी तिला भोंगा म्हणायचे. दोघी खरंच बोलत होतो.

पळण्याचं खूळ माझं. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात एक पळायचं यंत्र आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे कुणी नसतं. त्याच्या दांड्याला धरून मी कित्येक वर्षं पळत होते, आणि पळून पळून रोज त्याच भिंतीसमोर उतरत होते. मग शहराच्या मॅरेथॉनची जाहिरात रेडिओवर ऐकली. मी आयोजकांना फोन लावला. फोन लावणं हे तर माझं कामच.

"न दिसणाऱ्यांना पळता येतं का?" मी विचारलं.

"हो मॅडम, येतं. गाइड आणावा लागतो. दोघांच्या हातात एक दोरी. गाइडनं बाजूनं पळायचं, ओढायचं नाही आणि रेषा तुमच्या आधी ओलांडायची नाही."

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर विषय काढला. ह्यांनी गुडघा पुढे केला. दीर म्हणाले, "वहिनी, चालायचा कार्यक्रम ठेवू या ना, बागेत." पुतण्या परगावी शिकायला, तो फोनवरून म्हणाला, "काकू, भारी!" आणि फोन ठेवला. मला इतका राग आला की भाकरीचा तुकडा... नाही, भाकरी नव्हती, पाव होता. रागात काय खाल्लं तेही धड आठवत नाही.

"मी येते," धाकटी म्हणाली.

"तू?" तिचे आणि माझे, दोघींचे नवरे एकदम म्हणाले.

"तू जिना चढताना मध्ये उभी राहतेस," मी म्हटलं. "मला ऐकू येतं."

"मग ते बंद होईल. पण वहिनी, गाडी तुमची असली तरी ऐकायचं माझं. मान्य असेल तर उद्या पहाटे ग्राउंडवर."

ग्राउंड म्हणजे तिचं सरावाचं मैदान. शिकाऊ लोकांसाठी तिथे चुन्यानं मोठा आठ आखलेला होता, आणि गाड्या यायच्या आत ते मैदान आमचं. ती माझ्या डावीकडे उभी राहिली. उजवीकडे राहून बघ म्हटलं तर म्हणाली, "उजवीकडून मला काही सुचत नाही. आयुष्य डावीकडे गेलंय." जाड दोरीला दोन फास केले, एक तिच्या मनगटाला, एक माझ्या. आणि आम्ही दोघी जावा, ज्यांना एका स्वयंपाकघरात अर्धा तास धड काढता येत नव्हता, एकमेकींना बांधून घेऊन पळायला लागलो.

पहिला आठवडा हसण्यासारखा होता, म्हणजे आता. तिला चार पावलं पळता यायचं नाही. मी यंत्रावर पळून तयार झालेली. तिची फासफूस सुरू झाली की दोरी ताणली जायची आणि मी तिला ओढायला लागायचे. गाइडनं ओढू नये असा नियम आहे. पळणाऱ्यानं गाइडला ओढू नये असा नियम कुणी केलेला नाही, कारण तशी वेळ कुणावर आली नसावी.

तिनं सगळं आपल्या भाषेत बसवून घेतलं. पहिला गिअर म्हणजे चालणं, दुसरा म्हणजे दुडकी, तिसरा म्हणजे आमचा पळण्याचा नेहमीचा वेग. चौथा आम्हाला लागायचाच नाही. "वहिनी, दुसऱ्यावर या! चढ आहे, इंजिन मारताय!" असं ती ओरडली की मी वेग कमी करायचे. तोंडात शिवी असायची, पण पाय ऐकायचे.

एक अडचण मात्र फक्त तिच्यामुळेच येऊ शकत होती. ती रस्ता गाडीच्या नजरेनं बघायची. कालव्याच्या काठानं पहिल्यांदा पळायला गेलो तेव्हा तिनं खड्डे सांगितले, गतिरोधक सांगितला, डावीकडून येणारी म्हैससुद्धा सांगितली. झाडाची फांदी नाही सांगितली. ती माझ्या कपाळावर खाडकन बसली.

"दिसली नाही का तुला?" कपाळ चोळत मी किंचाळले.

"दिसली ना. पण ती वरून जात होती! गाडी खालून आरामात गेली असती."

"मी गाडी आहे का?"

"सवय हो, वहिनी. टपापर्यंतच बघायची सवय. तुमचं टप उंच आहे हे ध्यानात राहिलं नाही."

खड्ड्यांचंही तसंच. खड्डा दोन चाकांच्या मधून घ्यायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. म्हणजे खड्डा बरोबर आमच्या दोघींच्या मधून जायचा, दोरीखालून, आणि आमच्या बाहेरच्या पायांना कडेचा चिखल यायचा. मी तिला सांगून थकले की आपण दोन वेगळी माणसं आहोत. घरी आलो की नवरा माझ्या कपाळावर बर्फ धरायचा आणि हळुवार आवाजात म्हणायचा, "झेपत नसेल तर..." त्या वाक्यानं मला जेवढी ताकद दिली तेवढी केळ्यांनी दिली नाही.

पण महिन्याभरात काहीतरी जुळलं. तिची फासफूस कमी झाली. ती बोलता बोलता पळायला लागली, म्हणजे ओरडता ओरडता. आमचे हात एका तालात हलायला लागले. दोरी सैल राहायला लागली, इतकी की कधी कधी ती आहे हेच मी विसरायचे. मैदानावरच्या त्या आठाची वळणं माझ्या अंगात उतरली. मधल्या फुलीपाशी आलं की मी आपोआप कलायचे, आणि ती म्हणायची, "बघा! इंडिकेटर पण द्या आता."

त्या दिवसांत सकाळी एक बाई लवकर येऊन मैदानाच्या कडेला थांबायच्या. शाळेत खेळ शिकवणाऱ्या. स्वतः चांगल्या पळायच्या म्हणे, पण गाडीपुढे लोण्यासारख्या वितळायच्या. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी "लावू का?" विचारायच्या. धाकटीची सगळ्यात ढ विद्यार्थिनी. आवाज मऊ, दवाखान्यात आजाऱ्याशी बोलतात तसा. "किती सुंदर पळता हो तुम्ही," त्या मला म्हणायच्या. "दोरी कशी धरायची असते? मी बघितलं तर चालेल ना?" मी त्यांना तोडून बोलायचे. गोड बोलणारी माणसं माझ्याकडे आधीच भरपूर होती.

एका सकाळी कालव्यावर परतीच्या वाटेला धाकटी बराच वेळ काहीच बोलली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"ह्यांची बदली झालीय," ती म्हणाली. "बँकेनं लांब टाकलंय. रात्रभराचा प्रवास."

मी पळत राहिले.

"शर्यत होईपर्यंत मी थांबणार. सांगून टाकलंय ह्यांना. शर्यत झाली की पुढच्या आठवड्यात सामान हलवायचं. स्कूल माझी मदतनीस चालवेल."

"बरं," मी म्हटलं.

"बरं काय? काहीतरी बोला."

"डावीकडे बघ, म्हैस असेल," मी म्हटलं.

म्हैस नव्हती. मला इतकं वाईट वाटलं होतं की त्याला राग हे नाव दिल्याशिवाय ते मला पेलवत नव्हतं. घरी येऊन मी आंघोळीला बसले आणि नळ मोठा सोडून रडले. ती गेली की माझ्यावर ओरडणारं कुणी राहणार नव्हतं. आणि पळणं? आयोजकांच्या यादीत आमच्या गावात दुसरा गाइडच नव्हता. म्हणजे पुन्हा ते यंत्र, तो दांडा आणि ती भिंत. मॅरेथॉन पुरी करायची असेल तर हीच, आणि हिच्याबरोबरच. पुढच्या वर्षीचं "बघू" माझ्यापाशी नव्हतं. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी ती जिन्यातून ओरडली, "रुसायचं असेल तर पळताना रुसा, निदान वेळ तरी जाईल!" आणि आम्ही परत पळायला लागलो. त्यानंतर आम्ही आधीपेक्षा जास्त भांडलो. वेळ कमी होता ना.

शर्यतीच्या सकाळी सगळीकडे मलमांचा वास आणि माणसांची गर्दी. आमच्या छातीवर नंबर, तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरात "गाइड". तिला त्या पाटीचा फार अभिमान. "'एल'ची पाटी लावणाऱ्यांना शिकवता शिकवता मलाच पाटी लागली," ती ज्याला त्याला सांगत होती. दोघींचे नवरे शेवटच्या रेषेपाशी थांबणार होते. एक गोष्ट आयोजकांनी भोंग्यावरून तीनतीनदा सांगितली. सगळ्यांच्या मागून एक बस ठरलेल्या वेगानं येणार. तिनं मागे टाकलं की शर्यत संपली, बसमध्ये बसायचं. तिच्यामागे रस्ते गाड्यांना मोकळे.

अर्धं अंतर आम्ही असं काढलं की मला वाटलं, हे तर जमतंय. धाकटी उत्तम चालली होती. "पाण्याचं टेबल, उजवीकडे हात. घेतलंत? उतार आहे, ब्रेकवर पाय नको. पुढे एक माणूस केशरी बनियनमध्ये, आपण त्याला मागे टाकतोय, टाकला." कडेची माणसं टाळ्या वाजवत होती. कुणीतरी म्हणालं, "शाब्बास, बघा कशी पळतायत बिचाऱ्या." बिचाऱ्या म्हटल्यावर आम्ही दोघी एकदम वेग वाढवला.

तिसावा किलोमीटर गेला तसं बोलणं कमी झालं. माझ्या मांड्या दगड झाल्या होत्या. तिचा श्वास पुन्हा पहिल्या आठवड्यासारखा वाजायला लागला. आता आम्ही बाजारपेठेच्या रुंद रस्त्यावर होतो, दुकानं बंद, माणसं तुरळक. सराव आम्ही मैदानावर आणि कालव्यावर केलेला. शहरातल्या चौकांमधून आम्ही कधी पळालोच नव्हतो. आणि तिचं डोकं एव्हाना थकून बंद पडलं होतं, नुसतं अंग चाललं होतं.

एकदम दोरीला हिसका बसला. ती जागच्या जागी थांबली. मी तिच्यावर आदळता आदळता वाचले.

"काय झालं? काय आहे पुढे?"

मी कान दिला. गाडी नाही, माणूस नाही. आमच्या बाजूनं दोघं तिघं पळणारे थपथप करत निघून गेले. आम्ही उभ्या. मला वाटलं समोर खंदक वगैरे आहे.

"अगं, काय आहे?"

"लाल आहे," ती म्हणाली.

"काय लाल?"

"सिग्नल."

आणि मग तिलाच कळलं. बंद केलेल्या रस्त्यावर, बंद चौकात, जिथे एक गाडी येण्याची शक्यता नाही, तिथे आम्ही सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभ्या होतो. मी हसायला लागले. तीही हसायला लागली. पोट धरून, दोरीला लटकून, रडू येईपर्यंत हसलो. आणि हसून झाल्यावर ती पाऊल उचलायला गेली तर तिची पोटरी गोळा होऊन वर चढली. ती "आई गं" म्हणून खाली बसली.

पळता पळता थांबू नये म्हणतात ते ह्यासाठी. मी तिचा पाय धरून ताणला, चोळला. पोटरीत लिंबाएवढी गाठ होती. वेळ जात होता. मागे कुठेतरी ती बस येत होती.

तेवढ्यात धावत पावलं आली. "मॅडम! वहिनी! काय झालं? मी मदत करू का?" त्या खेळाच्या बाई. चौकापलीकडच्या पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभ्या होत्या.

"बरं झालं आलात," धाकटी म्हणाली. "दोरी घ्या. ह्यांना घेऊन जा. गाइड बदलता येतो, मी विचारून ठेवलंय."

"मी जाणार नाही," मी म्हटलं.

"वहिनी, हेकटपणा घरी करा. माझा पाय गेलाय, तुमचे शाबूत आहेत. एवढे महिने मी पहाटे उठले ते तुम्हाला बसमध्ये बसवायला नाही. उठा. पळा!"

मी खोटं सांगणार नाही. मला रेषा हवी होती. मी दोरीचा दुसरा फास बाईंच्या मनगटात सरकू दिला आणि निघाले.

बाई गाइड म्हणून सोन्यासारख्या होत्या. पावलाला पाऊल. दोरीला जरा ताण नाही. "थोडंसं उजवीकडे यायचं का? छान. आता छोटासा उंचवटा आहे हं. सुरेख." खांबांवर काय लोंबतंय तेसुद्धा सांगितलं. कसलीच उणीव नव्हती आणि माझे पाय मात्र चालेनात. प्रेमापोटी म्हणाल तर प्रेम होतंच. पण खरी गोष्ट साधी होती. त्या मऊ बोलण्यात मला माझा वेगच कळेना. मी कितीही रेंगाळले तरी "सुरेख". कुणी म्हणेना की इंजिन मारताय.

आणि मागून आवाज आला. लांबून, पण चौक दणाणून सोडणारा.

"वहिनी! पहिल्यावर का आलात? सपाट रस्ता आहे! तिसरा टाका!"

ती येत होती. एक पाय ओढत, लंगडत, आमच्या मागून ओरडत. "खांदे सोडा! कुणाला खांदा द्यायला निघालात का?"

मी थांबले. बाई म्हणाल्या, "वहिनी, थांबून चालणार नाही हो."

"तुम्हाला माझ्यावर रागावता येतं का?" मी विचारलं.

"मला? नाही... म्हणजे, कशाला?"

"मग थांबू या," मी म्हटलं. धाकटी येईपर्यंत मी त्या रस्त्यात उभी राहिले. माझी शर्यत हातची जाईल हे मला ठाऊक होतं, आणि तरीही उभी राहिले. ती आली, धापा टाकत, शिव्या देत. "अक्कल आहे का? माझ्यासाठी थांबलात? मी काय शेवटची बस आहे?"

"शेवटची बस मागेच आहे, मॅडम," बाई हळूच म्हणाल्या.

खरंच होती. इंजिनाची घरघर मलाही ऐकू आली. बाईंनी दोरी परत धाकटीच्या हातात घातली. तोवर बस आमच्या पाठीशी येऊन टेकली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून आवाज आला, "मॅडम? तुम्ही?"

"कोण रे?" धाकटी न थांबता म्हणाली. आम्ही पळायला लागलो होतो, म्हणजे लंगडायला.

"मॅडम, मी! तुमच्याकडेच शिकलो. तीनदा नापास झालो होतो तो."

"आठवला. क्लच जाळलास माझा."

"मॅडम, मी गाडी हळू घेतो. तुम्ही सावकाश चला. कुणाला कळणार नाही."

मी वळून त्या आवाजाच्या दिशेनं ओरडले, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्यात ओरडले. "हळू घेतलीस तर बघ! मला कुणाची सवलत नकोय! तुला जो वेग दिलाय त्याच वेगानं चालव!"

"ऐकलंस ना?" धाकटी म्हणाली. "आणि हॉर्न वाजवायचा नाही. अंतर ठेव."

मग शेवटचे सहा किलोमीटर आम्ही कसे पळालो ते मला नीट सांगता येणार नाही. पाठीवर बसची गरम वाफ. तिचा पाय दर दहा पावलांनी कळवळायचा आणि ती तो कळवळा माझ्यावर ओरडून काढायची. मीही ओरडत होते. "तुझा पाय बिघडला, तोंड नाही!" "तोंडावरच चाललीय गाडी!" रस्त्याकडेची माणसं आधी टाळ्या वाजवायची, मग आमचं भांडण ऐकून गप्प व्हायची, मग दुप्पट टाळ्या वाजवायची. एकदा बस अगदी बाजूला आली, तिची चाकं माझ्या उजव्या कानाशी फिरत होती. तेव्हा धाकटी म्हणाली, "वहिनी, चौथा."

"चौथा आपल्याला नाही."

"आज आहे. टाका!"

आम्ही चौथा टाकला. बस मागे पडली. पायाखाली रबराची पट्टी लागली, माणसांचा आरडाओरडा झाला, आणि तिनं अगदी शेवटच्या पावलाला स्वतःला मागे ओढून मला पुढे जाऊ दिलं. त्या एका पावलाला दोरी ताणली गेली. त्या दिवसातली ती तिची सगळ्यात शिस्तीची गोष्ट.

आम्ही फुटपाथवर बसलो. उठणं दोघींच्याही नशिबात नव्हतं. नवरे आले, दोघं रडत होते, त्यांना आम्ही केळी आणायला पाठवून दिलं. धाकटी मनगटातला फास काढायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं.

"पोचलो, वहिनी. सोडा आता."

"नाही सोडत. तू जाऊन बस तिकडे लांब. मी आता कुणाबरोबर पळू? मला तुझ्याशिवाय करमणार नाही. सांगून टाकते, मग म्हणशील सांगितलं नाही." हे सगळं मी एका दमात म्हटलं आणि रस्त्यावर, लोकांसमोर, रडायला लागले.

ती नाक ओढून म्हणाली, "त्याची सोय केलीय मी."

"कसली सोय?"

"ही काय, उभी आहे समोर. तुम्हाला काय वाटलं, त्या सकाळी सकाळी गाडी शिकायला लवकर यायच्या? मीच बोलावत होते. बदलीची कुणकुण लागली तेव्हापासून. आपलं पळणं बघून ठेवा म्हटलं. आज टेबलही मीच मागून घेतलं त्यांच्यासाठी, माझा भरवसा नाही म्हणून. गाडीला दोन ब्रेक असतात, वहिनी."

मी मान वर केली. खेळाच्या बाई समोर होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. टेबलापासून पळत आल्या होत्या आमच्या मागे.

"त्या फार गोड आहेत," मी धाकटीला म्हटलं, बाईंना ऐकू जाईल असं. दुसरा कुठलाच दोष मला सापडत नव्हता.

"माहितीय. तो दोष मी काढतेय. जायच्या आधी निघेल." मग बाईंना, "हं, म्हणा. काल केलं ना आपण?"

बाईंनी घसा खाकरला. "वहिनी, पुढच्या बुधवारी पहाटे ग्राउंडवर या. उशीर केलात तर मी थांबणार नाही." आणि लगेच, "चालेल ना असं म्हटलेलं?"

"शेवटचं काढून टाका," धाकटी म्हणाली. "आणि आवाज पोटातून. पुन्हा." पण 'पुन्हा' म्हणताना तिचाच आवाज फुटला, आणि तिनं माझ्या मनगटावरची दोरी घट्ट धरून ठेवली.

बाईंनी खोल श्वास घेतला. "वहिनी! बुधवारी पहाटे ग्राउंडवर या! उशीर केलात तर मी थांबणार नाही!" फुटपाथवर बसलेले चार पळणारे दचकून उभे राहिले.

"येते हो बाई, येते," मी डोळे पुसत म्हटलं. "ओरडू नका."